प्रेसमधला कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय. विंडोज नव्याने टाकण्याआधी काय काय काढून घ्यावं?

शाई_आणि_कागद (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. शहापुरात आमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, पावती पुस्तकं, दुकानांचे फलक अशी कामं असतात. टायपिंग आणि डिझाइन सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं: इंटेल आय-थ्री चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १० बत्तीस-बिट. गेल्या पावसाळ्यापासून त्याचं तंत्र बिघडलंय. कोरल ड्रॉ उघडलं की मध्येच गोठतो, निळा स्क्रीन येतो, कधी आपोआप रिस्टार्ट होतो. ओळखीच्या एकांनी पाहिलं आणि म्हणाले, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका.

चालू कामांची मला फारशी धास्ती नाही, ती शेजारच्या प्रेसमधून करून घेता येतील. धास्ती जुन्या फायलींची आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव इथल्या साहित्य संमेलनांच्या काही स्मरणिका, वाचनालयांचे अहवाल, भजनी मंडळांच्या पुस्तिका बाबांनी वर्षानुवर्षं याच मशीनवर जुळवल्या. यातल्या कितीतरी मजकुराची छापील प्रत आता शोधून सापडायची नाही. एकदा गेलं की गेलं. तेव्हा आधी काय करावं, नंतर काय, कशाला हात लावू नये, हे जाणकारांनी नीट सांगावं ही विनंती.

कोरं_पान (टिळकवाडी)

विंडोजमध्येच 'रिसेट धिस पीसी' आहे. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडा. फायली राहतात, फक्त प्रोग्राम जातात. घरच्या लॅपटॉपवर मी तेच केलं, आता छान चालतोय.

तवंदी_घाट (निपाणी)

ताई, रिसेटला अजिबात हात लावू नका. टिळकवाडीच्या दादांचा सल्ला बिघाड विंडोजचा असेल तेव्हा ठीक आहे. तुमच्याकडे तो विंडोजचा आहे, डिस्कचा आहे, रॅमचा आहे की पॉवर सप्लायचा, हेच अजून कळलेलं नाही. डिस्क जात आली असेल आणि त्यावर रिसेट चालवला, तर कित्येक जीबी नवं लिखाण त्याच आजारी डिस्कवर होतं. मध्येच अडकला तर विंडोजही नाही आणि फायलीही नाहीत अशी गत होते. माझ्या टेबलावर अशी मशीनं येतात, आणि पुढचं काम फार अवघड होऊन बसतं.

आधी फक्त बघा. स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. तिथे 'डिस्क' या नावाने ७ नंबरची नोंद असेल तर डिस्कवर बॅड ब्लॉक सापडल्याची ती खूण आहे. 'कर्नल-पॉवर ४१' म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. लाईट गेली, एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लाय) दमला किंवा मशीन पूर्ण गोठलं, तिन्हीला हीच नोंद पडते, म्हणून एकट्या ४१ वरून निष्कर्ष काढू नका. 'व्हिया-लॉगर' दिसलं तर हार्डवेअरचा संशय वाढतो. निळ्या स्क्रीनवर खाली जो कोड येतो त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं, फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवा. शून्य-पाच, सी-पाच आणि सी-सहा या तीन ओळी बघा. रॉ व्हॅल्यू हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, त्यामुळे आकडा विचित्र वाटला तरी घाबरू नका. तिन्हीकडे नुसती शून्यं आहेत की नाहीत एवढंच सांगा.

शाई_आणि_कागद (शहापूर, बेळगाव)

दादा, बघितलं. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' आलंय. सी-पाचच्या ओळीत शून्य नाही. डिस्क ७ च्या नोंदी भरपूर आहेत, एकेका मिनिटात लागोपाठ. ४१ सुद्धा आहेत. निळ्या स्क्रीनवर 'अनएक्स्पेक्टेड स्टोअर एक्सेप्शन' लिहून येतं. ज्यांनी आधी मशीन पाहिलं ते म्हणतात, चेकडिस्क चालवा, बॅड सेक्टर दुरुस्त होतील. चालवू का?

तवंदी_घाट (निपाणी)

नाही. कॉपी पूर्ण होईपर्यंत चेकडिस्क नाही, डिफ्रॅग नाही, व्हायरस स्कॅन नाही. मशीन आत्ता बंद करा आणि बंदच ठेवा.

कारण सांगतो. सी-पाच म्हणजे डिस्कला ज्या जागा वाचता आल्या नाहीत आणि ज्यांचा निकाल तिने राखून ठेवलाय, त्यांची संख्या. चेकडिस्क 'आर'सह चालवलं की ते सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतं. दमलेल्या डिस्कला तासन्‌तास तीच मेहनत. शिवाय त्याचं काम फाइल सिस्टम सुसूत्र करणं. तुमची स्मरणिका वाचवणं त्याच्या कामात बसत नाही. नोंदीचा मेळ बसला नाही तर ते फाइलचे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून मोकळं होतं.

आता कॉपीचं. विंडोज चालू असताना कॉपी करू नका, कारण विंडोज त्याच डिस्कवरून चालतंय आणि पेजफाइल, अपडेट, इंडेक्सिंग यासाठी सतत तिच्यावर लिहितंय. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टमचा पेनड्राइव्ह तयार करा. मिंट आता चौसष्ट-बिटच येतं, पण काळजी नको, तुमचं विंडोज बत्तीस-बिट असलं तरी प्रोसेसर चौसष्ट-बिट आहे. पेनड्राइव्हवरून बूट करा, 'इन्स्टॉल'ला हात न लावता फक्त चालवा. तुमची सी आणि डी ड्राइव्ह फायलींच्या खिडकीत दिसतील. विंडोज पूर्ण बंद झालं नव्हतं म्हणून ती फक्त वाचण्यापुरती उघडली, तर उत्तमच. आपल्याला लिहायचं नाहीच आहे.

कॉपी नव्या एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू दे. फॅट-३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. आणि क्रम महत्त्वाचा: जे पुन्हा मिळणारच नाही ते पहिलं. आधी स्मरणिका, मग ग्राहकांच्या फायली, फोटो त्यानंतर, डाउनलोड सगळ्यात शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर तिथे झटत बसू नका, ती सोडा, पुढची घ्या. राहिलेल्यांसाठी नंतर डीडीरेस्क्यू वापरू. ते वाचता येणारा भाग आधी काढून घेतं, खराब जागांकडे शेवटी वळतं आणि कुठवर झालं याची नोंद ठेवतं. डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला तर मात्र तत्काळ वीज बंद. मग ते काम घरचं नाही.

शेवटची गोष्ट. नवं विंडोज या डिस्कवर टाकूच नका. नवी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी घ्या, त्यावर टाका, आणि ही डिस्क जशी आहे तशी काढून ठेवा.

कोरं_पान (टिळकवाडी)

तवंदी_घाट, हे इतकं समजावून सांगितल्याबद्दल आभार. माझा वरचा सल्ला या मशीनला लागू नाही, ताई, तो धरू नका. लॅपटॉपवाल्यांसाठी एक भर घालतो: नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बहुतेक वेळा बिटलॉकरने कुलूपबंद असते. बाहेरून बूट केलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून लिहून घ्या, नाहीतर फायली समोर असून उघडत नाहीत.

जोडाक्षर (खडे बाजार)

मी डीटीपी करतो, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. ताई, वर सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण त्यात आपल्या धंद्यातली मुख्य गोष्ट राहिली. फायली वाचवाल आणि फॉन्ट हरवाल, तर हाती काही उरणार नाही.

बाबांनी जुळवलेलं जुनं काम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर असतो त्या आजच्या पद्धतीत, नसणार. त्या काळी श्रीलिपी किंवा तसलेच फॉन्ट असायचे, आणि कन्नडला नुडी नाहीतर बरह. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या खणांत आपली अक्षरं बसवलेली असतात. फाइलमध्ये साठतात ते खणांचे नंबर. 'ज्ञानेश्वर' कागदावर ज्ञानेश्वर उमटतो तो त्याच फॉन्टमुळे. फॉन्ट नसला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा यांचा खच दिसतो. त्यातून एका कंपनीचा फॉन्ट दुसरीच्या फाइलला चालत नाही, कधीकधी त्याच कंपनीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांचे खणही वेगळे असतात. म्हणजे 'नंतर कुठून तरी मराठी फॉन्ट टाकू' हा विचार इथे चालत नाही. तोच फॉन्ट लागतो.

आणि आपल्या भागात एका फाइलला दोन लिपी. फलकावर ६० टक्के कन्नड वर आणि खाली मराठी, पत्रिकेत मजकूर मराठी आणि कार्यालयाचा पत्ता कन्नडमध्ये. म्हणजे एका फाइलला निदान दोन फॉन्ट, आणि दोन्ही नुसते नंबर साठवणारे. मराठी तपासलं, बरोबर निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका. खालची कन्नड ओळ फुटलेली असते आणि कन्नड न वाचणाऱ्याला ती पटकन कळत नाही.

आता फॉन्ट कुठे शोधायचे. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं 'फॉन्ट्स' सगळ्यांना माहीत आहे. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, फॉन्टवर राइट क्लिक करून साधं 'इन्स्टॉल' केलं की तो तिथे जातच नाही. तो तुमच्या युजर फोल्डरात, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा आत जाऊन बसतो. ॲपडेटा लपवलेला फोल्डर असतो, लिनक्समध्ये मात्र सरळ दिसतो. दोन्ही ठिकाणचे सगळे फॉन्ट घ्या, निवडत बसू नका. श्रीलिपीचा स्वतःचा फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तोही पूर्ण घ्या.

मशीन पुढे धड चाललं तर महत्त्वाच्या कोरल फायलींना 'कलेक्ट फॉर आउटपुट' करा. फाइल, तिचे फॉन्ट आणि आत जोडलेली चित्रं एका फोल्डरात येतात. सोबत फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ काढा. पीडीएफ कुठेही वाचता येते, प्रूफला मूळ म्हणून वापरता येते.

कॉपी झाली की ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ज्या मशीनवर आधीपासून फॉन्ट आहेत तिथे सगळं छानच दिसणार. कोऱ्या मशीनवर, तुम्ही कॉपी केलेलेच फॉन्ट टाकून, सर्वात जुनी स्मरणिका उघडा.

हिरण्यकेशी (चिकोडी तालुका)

ताई, बिलं टॅलीत करतासा काय? मग माझं पण ऐका की. आमच्याकडं हिशेबाचंच काम हाय. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरात हाय ते कंपनी निवडायच्या स्क्रीनवर दिसतंय बघा. तो अख्खा फोल्डर घ्यायचा, नुसता डेस्कटॉपवरचा आयकॉन घेऊन काय उपयोग. आणि जुनं मशीन एकदा चालू होणार असेल तर लायसन्स आधी सरेंडर करा, मग नव्या विंडोजवर ॲक्टिव्हेट करा.

ब्राउझरमधले पासवर्ड पण. जीएसटीचा, बँकेचा, सगळे तिथंच सेव्ह असतात आपले. क्रोमचा फोल्डर उचलून नव्या विंडोजवर ठेवला म्हणून पासवर्ड येत नाहीत, ते जुन्या विंडोजच्या युजरशी बांधलेले असतात. सिंक चालू असलं तर ठीक, नाहीतर एक्स्पोर्ट करून घ्या. ती एक्स्पोर्टची फाइल उघड्यावर ठेवू नका तेवढं.

पाऊस_कणकुंबी (खानापूर)

मी ऑनलाइन कामांचं सेंटर चालवतो. आरटीसी उतारे, अर्ज, आधारची कामं. आमच्याकडे विंडोज नवं टाकलं की दुसऱ्या दिवशी रांग उभी असते आणि अंगठ्याचं मशीन बंद. त्यामुळे डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, अंगठा मशीनची आरडी सर्व्हिस, प्रिंटरचा आणि लॅन कार्डचा ड्रायव्हर हे आधीच एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो. लॅनचा नसला तर बाकीचं डाउनलोड करायला नेटच मिळत नाही. सहीची काळजी नसावी, ती टोकनच्या आत असते, फॉरमॅटने जात नाही.

दुसरं, पावसाळ्यापासून बिघडलं म्हणालात म्हणून सांगतो. आमच्या जंगल भागात दमटपणाने रॅमच्या पट्टीच्या संपर्कावर थर चढतो. वीज पूर्ण काढून रॅम बाहेर काढा, साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, परत बसवा. मग मेमटेस्ट-८६ रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर ती पट्टी बदला. पॉइंटला अर्थिंग आहे का हेही वायरमनकडून तपासून घ्या. नव्या एसएसडीवर नवं विंडोज टाकलं आणि वीज तशीच राहिली तर ४१ च्या नोंदी परत येतील. यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती?

शाई_आणि_कागद (शहापूर, बेळगाव)

यूपीएस आहे, पण लाईट गेली की मशीन त्याच क्षणी बंद होतं. म्हणजे बॅटरी गेलीच आहे. बदलून घेते.

जोडाक्षर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते लगेच म्हणाले, आणि लॉकचं काय? त्यांच्या मराठी सॉफ्टवेअरला मशीनच्या मागे लावायचा लॉक आहे, जुना; तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. नव्या विंडोजवर तो चालेल? विंडोज ११ टाकावं असंही काहीजण म्हणताहेत, कारण १० चे अपडेट बंद झाले.

जोडाक्षर (खडे बाजार)

बाबांनी नेमकं विचारलं. लॉकला ड्रायव्हर लागतो, आणि बत्तीस-बिटचा ड्रायव्हर चौसष्ट-बिट विंडोजवर चालत नाही. विंडोज ११ फक्त चौसष्ट-बिटच येतं. लॉकचा चौसष्ट-बिट ड्रायव्हर कंपनीकडे आहे का ते आधी विचारा. नसेल तर ११ टाकलं की लॉक मुका.

तवंदी_घाट (निपाणी)

तसंही चौथ्या जनरेशनच्या मशीनवर ११ अधिकृतपणे बसत नाही. इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आडमार्गाने बसवतात लोक, पण रोजीरोटीच्या मशीनवर मी ते करणार नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी जी वाढीव मुदत जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. माझं मत असं: हे मशीन बत्तीस-बिट विंडोज १० वरच ठेवा, फक्त जुळवणीसाठी, आणि इंटरनेट कायमचं काढा. ईमेल, बँक, जीएसटी यासाठी वेगळं मशीन. जुनं सेकंडहँड चालेल, पण ११ बसणारं.

विंडोज टाकताना एवढं करा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मीडिया क्रिएशन टूलमध्ये आर्किटेक्चर बत्तीस-बिट निवडा. मशीनमध्ये फक्त नवी एसएसडी जोडा. जुनी डिस्क, एक्स्टर्नल डिस्क, सगळ्यांच्या केबली काढा. दोन कारणं: चुकून दुसरीच डिस्क पुसली जात नाही, आणि विंडोज आपला बूटचा भाग भलत्याच डिस्कवर टाकत नाही. प्रॉडक्ट की मागितली तर 'आय डोन्ट हॅव' म्हणा आणि आधीचीच आवृत्ती निवडा, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असेल तर एकदा नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. त्यानंतर ड्रायव्हर, मग लॉक, मग श्रीलिपी आणि नुडी, कोरल शेवटी.

शाई_आणि_कागद (शहापूर, बेळगाव)

काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

मिंटवरून कॉपी केली. स्मरणिकांचा फोल्डर पहिला घेतला, तो पूर्ण आला. ग्राहकांच्या फोल्डरात काही ठिकाणी कॉपी थांबली, त्या फायली सोडून पुढे गेले. नंतर डीडीरेस्क्यू रात्रभर लावलं, त्यातून त्यातल्या बऱ्याच निघाल्या. राहिल्या त्या जुन्या पत्रिका आहेत, जीव अडकावा असं त्यात काही नाही.

मग जोडाक्षर म्हणाले तसं आत्तेभावाच्या लॅपटॉपवर तपासलं. त्यावर एकही जुना फॉन्ट नव्हता. विंडोजच्या फोल्डरातले फॉन्ट टाकल्यावर मराठी मजकूर जसाच्या तसा उभा राहिला. बाबा पानं वाचत होते आणि त्यांनीच एका पानावर बोट ठेवलं: अध्यक्षांच्या परिचयाखाली कन्नडमधून आलेला शुभेच्छा संदेश होता, तिथे नुसती इंग्रजी अक्षरं. तो नुडीचा फॉन्ट ॲपडेटातल्या फोल्डरात मिळाला. टाकल्याबरोबर ओळी जागेवर आल्या. बाबा कन्नड शाळेत शिकलेत, त्यांनी तो संदेश मोठ्याने वाचला आणि मूळ छापील पानाशी ताडून पाहिला.

विंडोज नव्या एसएसडीवर टाकलं, लॉक चालला. रॅम पुसून मेमटेस्ट केलं, चूक नाही. यूपीएसची बॅटरी बदलली. कोरल आता गोठत नाही. जुनी डिस्क पाकिटात घालून, वर तारीख आणि 'पुसू नये' लिहून कपाटात ठेवलीय.

एक प्रश्न राहतो. एक्स्टर्नल डिस्क आणि जुनी डिस्क, दोन्ही प्रेसमध्येच आहेत. पुरेसं आहे का?

तवंदी_घाट (निपाणी)

जुनी डिस्क मोजू नका, ती कधीही जाईल. आणखी एक एक्स्टर्नल घ्या आणि प्रेसच्या बाहेर ठेवा, माहेरी, मावशीकडे, कुठेही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात किती घरांत आणि दुकानांत पाणी शिरलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोन्ही डिस्क आलटून पालटून आणा, आणि कॉपी झाली की केबल काढून ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत मूळ मशीनसोबतच सापडते.

जोडाक्षर (खडे बाजार)

कन्नड ओळ सापडली हे वाचून फार बरं वाटलं.

आता सवड मिळेल तसं स्मरणिका युनिकोडमध्ये आणा. लॉक आज चालतोय, पण तो मोडला तर दुसरा मिळणं मुश्कील. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. त्यामुळे 'कीर्ती', 'मार्मिक', 'धार्मिक', 'स्थिती' असे शब्द हमखास फुटतात. रफार, वेलांटी आणि जोडाक्षरं एवढ्यावर नजर ठेवून पीडीएफ शेजारी ठेवून वाचा. नवीन टायपिंगला विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, लँग्वेज सेटिंगमधून जोडता येतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

शाई_आणि_कागद (शहापूर, बेळगाव)

दुसरी डिस्क मावशीकडे गडहिंग्लजला ठेवते. सर्वांत जुनी स्मरणिका बदलायला घेतली आहे, आणि रफार खरंच सगळीकडे फुटलेत. मुद्रितशोधनाला शहापूर, वडगाव, टिळकवाडी भागातलं कुणी थोडा वेळ देऊ शकेल का? पानं आणि पीडीएफ दोन्ही मी छापून देते. कन्नड मजकूर बाबा बघतील.

कोरं_पान (टिळकवाडी)

मी देतो. शनिवारी संध्याकाळी प्रेसवर येऊ का? येताना आईलाही आणतो, तिने शाळेत मराठी शिकवलंय.

शाई_आणि_कागद (शहापूर, बेळगाव)

नक्की या. शनिवारी आठपर्यंत प्रेस उघडी असते. पत्ता निरोपात पाठवते.